पंचनाम्यातलं जादा वाक्य

तुमच्या नावावर शेतजमीन असेल, तर एका प्रश्नाचं उत्तर द्या. तिच्या मातीची चव कशी आहे?

भाव नाही विचारत. तो तुम्हाला पाठ असेल. हायवेपासून किती आत, पाटाच्या पाळ्या किती, उद्या विकायला काढली तर गुंठ्याला काय येईल, हे तुम्ही झोपेतून उठवलं तरी सांगाल. मी चव विचारतेय. खारट, तुरट, कडवट, की काहीच लागत नाही?

हा प्रश्न माझा नाही. मी इंदापूर तालुक्यात कृषी सहायक म्हणून रुजू झाले, तेव्हा ज्यांच्या हाताखाली काम शिकले त्या माणसाचा आहे. त्यांचं नाव लिहीत नाही; छापलेलं बघून त्यांना राग येईल. शेतकरी, शिपाई, साहेब, सगळे त्यांना तात्या म्हणत. निवृत्तीला थोडी वर्षं उरलेली, अंगावर अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत एक खुरपं, एक पाण्याची बाटली आणि मोजायची टेप. या माणसाला अख्खा तालुका वेडसर समजे, आणि अख्खा तालुका त्यांची सही मिळावी म्हणून त्यांच्या मागे फिरे.

आमचं काम आधी सांगते. सणसरकडच्या पाटाखालच्या काळ्या जमिनींना पिढ्यान्‌पिढ्या उसाचं पाणी बसलंय. पाणी मुरायला वाट नाही, निचरा नाही. मग खालचे क्षार वर येतात आणि जमीन पांढरी फुटते. लांबून बघितलं तर कुणी चुना टाकलाय असं वाटावं. तिथं पीक सोडा, हरळीही धड येत नाही. अशी जमीन सुधारायला सरकार अनुदान देतं. चर खणायचा, खारं पाणी ओढ्याला काढून द्यायचं, जिप्सम टाकायचं, हिरवळीच्या खताचा धैंचा पेरायचा आणि तो फुलावर आला की नांगरून मातीत गाडायचा. सुरुवातीला एकदा तपासणी, शेवटी एकदा तपासणी. शेवटच्या तपासणीत कृषी सहायकानं 'जमीन सुधारली' असं लिहून दिलं की उरलेलं अनुदान सातबाऱ्यावर ज्याचं नाव, त्याच्या खात्यावर जमा.

आता कृषी सहायकानं जमीन सुधारली हे ठरवायचं कसं? नमुना प्रयोगशाळेला पाठवायचा, आकडा यायची वाट बघायची. तात्याही नमुना पाठवत. पण आधी ते माती चाखत.

पहिल्या दिवशी मी ते बघितलं तेव्हा दोन पावलं मागे सरले. ते शेताच्या कोपऱ्यात उकिडवे बसले, वरची माती खुरप्यानं बाजूला केली, वीतभर खालून चिमूटभर उचलली आणि जिभेच्या शेंड्यावर ठेवली. डोळे मिटले. प्रसाद तोंडात असल्यासारखा चेहरा. मग डावीकडे थुंकले, बाटलीतल्या पाण्यानं चूळ भरली, थोडं थांबले आणि पुढच्या कोपऱ्याकडे निघाले. चार कोपरे आणि मध्यभाग, अशा पाच चिमट्या.

मी म्हणाले, "तात्या, अहो, पोटात जंत होतील."

"झाल्यात की," ते म्हणाले. "त्यास्नीबी आता कळतंय, कुठल्या गावचं रान हाय."

दुसऱ्या आठवड्यात मी क्षार मोजायचं छोटं मीटर घेऊन गेले. मातीत पाणी कालवलं, मीटर बुडवलं. आकडा तात्यांच्या जिभेशी जुळला. मला जिंकल्यासारखं वाटलं. म्हणजे आता जीभ नको. तात्या म्हणाले, "मशीन बरुबर सांगतंय. पर मशीन काढलं की मालक मोबाइल बघत बसतो. माती तोंडात घातली की सगळी गप हुत्यात. माझ्या तोंडाकडं बघत्यात. तेवढा येळ तरी त्येंचं ध्यान रानाकडं असतंय."

जीभ खरी राहावी म्हणून तात्या अळणी जेवत. डब्यात भाजी अळणी, भाकरी अळणी, आमटी असलीच तर तीही अळणी. नव्या माणसाला वाटे, रक्तदाब असेल. लग्नाला गेले तर आचाऱ्याकडून नुसता भात आणि तूप मागून घेत. तपासणीला गेल्यावर मालकाकडे जेवायची पद्धत आहे; मटणाचा बेत असतो, गाडीतून नेऊन सोडतात. तात्या पाणीसुद्धा स्वतःच्या बाटलीतलं पीत. कचेरीतले एक कारकून एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, "तात्या कुणाचं मीठ खात नाहीत, ते ठीक आहे. आमच्या तोंडचं का काढतात?" सगळे हसले. तात्याही हसले आणि अळणी वांगं खात राहिले.

निवृत्तीनंतर मी त्यांच्या घरी जेवायला गेले होते. गाव बारामतीच्या जिरायती पट्ट्यातलं. पाट तिथपर्यंत कधी आलाच नाही. काकूंनी ताटात पापड, लोणचं, शेंगदाण्याची चटणी, सगळं वाढलं. तात्यांनी लोणच्याची फोड तोंडात टाकली आणि तिचा रस संपेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. काकू म्हणाल्या, "आता रोज असंच. एवढ्या वर्साचं साठलंय त्येंचं."

आपल्या कोरड्या गावाचा त्यांना अभिमान नव्हता आणि लाजही नव्हती. म्हणत, "आमच्यात पानी न्हाय म्हनून रान पडीक. तुमच्यात पानी जादा झालं म्हनून पडीक. मधी कुठंतरी शाना मानूस राहत असंल, त्याचा पत्ता मला घावला न्हाय."

त्यांचं सगळ्यात लाडकं म्हणणं दुसरंच होतं. अनुदान मंजूर झालं की शेतकरी पेढे घेऊन येत. तात्या पेढा घेत नसत. म्हणत, "सरकार पैसं रानाला देतंय. रानाला ब्यांकेत खातं न्हाय, म्हनून तुमच्या खात्यावर टाकतंय. पेढं तिकडं बांधावर ठिवा." लोकांना हा विनोद वाटे. मलाही वाटला होता.

एका बागायतदाराची गोष्ट सांगते. त्यांना गावात सगळे आण्णा म्हणत. घर मोठं, ऊस भरपूर, जमीन चांगली काळीशार. पण शेजारच्याला क्षारपड जमिनीचं अनुदान मिळालं आणि आपल्याला नाही, ही गोष्ट त्यांना सोसवेना. त्यांनी अर्ज केला. पहिल्या तपासणीला आम्ही गेलो तर रानाचा एक तुकडा पांढराशुभ्र. इतका शुभ्र की मी लगेच फोटो काढायला मोबाइल बाहेर काढला. तात्या खाली बसले. या खेपेला वीतभर खालची नाही, वरचीच माती त्यांनी चिमटीत घेतली, जिभेवर ठेवली आणि डोळे उघडेच ठेवले.

"आण्णा, ह्ये कुठल्या दुकानातलं?"

"कशाचं दुकान? रानातलंच हाय की. लय वरीस झालं फुटतंय."

"रानातलं मीठ कडू लागतंय, आण्णा. जिभंला सोड्यावानी चावतंय. ह्ये आमटीत घालायचं हाय." तात्या उठले, हात झटकले. "गोणी एकच टाकली का दोन?"

आण्णा पाटाकडे बघायला लागले. बांधावर उभा असलेला त्यांचा गडी मात्र तोंड फिरवून हसायला लागला, आणि आम्हाला उत्तर मिळालं. चांगल्या जमिनीवर खडेमीठ फेकणारा शेतकरी जगात दुसरीकडे कुठे असेल असं मला वाटत नाही. अनुदानाच्या आशेनं माणूस काय करतो, हे मी त्या दिवशी बघितलं. तात्यांनी अर्जावर 'अपात्र' असा शेरा मारला आणि आण्णांना सांगितलं, की पाऊस यायच्या आत वरची माती खरवडून काढा, नाहीतर पुढच्या वर्षी खरोखरच पात्र व्हाल. आण्णांनी वर तक्रार केली: संबंधित कर्मचारी माती खातो, त्याच्या मानसिक स्थितीची तपासणी व्हावी. ती तक्रार कचेरीत आली तेव्हा तात्यांनी शांतपणे वाचली. "मानूस चिडलाय, पर लिवलंय झाक," म्हणाले.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे लिहायला बसले, ती सांगते.

सणसरच्या पुढे, पाटाच्या खालच्या अंगाला, दोन एकरांचा एक तुकडा होता. सातबारा विश्वासरावांच्या नावावर. विश्वासराव पुण्यात राहतात, नोकरी चांगली, बोलणं त्याहून चांगलं. वडिलांच्या मागे जमीन त्यांच्याकडे आली तेव्हा ती पांढरी पडलेली, वेड्या बाभळींनी भरलेली. त्यांनी ती सुलाक्कांना वाट्यानं दिली. सुलाक्कांना स्वतःची जमीन नाही. नवरा लोणी देवकरला एका कंपनीत रखवालदार. करार तोंडी. विश्वासराव म्हणाले होते, "अहो, त्यात काय पिकणार आहे? पिकलं तर तुमचंच." अनुदानाचा अर्ज विश्वासरावांच्या नावानं गेला, कारण दुसऱ्या कुणाच्या नावानं तो जाऊच शकत नाही.

चार वर्षं सुलाक्कांनी त्या रानात काय केलं, ते मी शेवटची दोन वर्षं डोळ्यांनी बघितलंय. बाभळी त्यांनी काढल्या. कमरेइतका खोल चर रानाच्या वरच्या टोकापासून ओढ्यापर्यंत त्यांनी आणि त्यांच्या नवऱ्यानं सुट्टीच्या दिवशी खणला, कारण जेसीबीसाठीचा अनुदानाचा हप्ता वेळेवर आला नाही. साखर कारखान्याची मळी खत म्हणून ट्रॉलीतून उतरवून घमेल्या-घमेल्यानं पसरली. धैंचा दोनदा गाडला. दरवर्षी पावसाळ्यात चर ढासळे, दरवर्षी त्या उपसत. आधी घास उगवला. मग एका कोपऱ्यात गहू. चौथ्या वर्षी अख्ख्या दोन एकरांत ज्वारी उभी राहिली, आणि गावातल्या बायका ती बघायला आल्या.

शेवटच्या तपासणीचा दिवस ठरला. आम्ही सकाळी पोहोचलो, तेव्हा सुलाक्का बांधावर वाट बघत होत्या. आमच्या आधी त्याच बोलल्या. विश्वासरावांचा फोन आला होता: जमीन सुधारलीय असं कळलं, फार आनंद झाला, तुमचे उपकार विसरणार नाही. पुढच्या हंगामापासून पुतण्या ऊस लावणार आहे, तेव्हा ज्वारी निघाली की रान मोकळं करून द्या.

"तात्या," सुलाक्का म्हणाल्या, "ह्या खेपंला खारट हाय म्हना. दोन वरीस. दोन वरीस मला पीक खाऊ द्या, मग म्हना सुधारली."

तात्या खाली बसले. पहिला कोपरा, दुसरा, तिसरा, चौथा. सुलाक्का त्यांच्या मागे मागे, डोळे त्यांच्या तोंडावर. मध्यभागी तात्यांनी पाचवी चिमूट जिभेवर ठेवली आणि बराच वेळ तशीच धरली.

"तोंड वाकडं करा की वाईच," सुलाक्का म्हणाल्या. हसत म्हणाल्या.

तात्यांनी चूळ भरली. "कायबी लागंना, सुलाक्का. नितळ हाय. चार वरीस खपून तुमी ही गोड केली, आन मी तिला खारट म्हनू? ती तुमच्याच हाताला शिवी हुईल."

"शिवी खाऊन ऱ्हाईन मी," सुलाक्का म्हणाल्या. "रान तर ऱ्हाईल."

तात्यांनी खुरपं पिशवीत टाकलं. उत्तर माझ्याकडे होतं. मी घरात चळवळीची पत्रकं वाचत वाढलेली मुलगी. कसणाऱ्याचा हक्क, घामाचं मोल, हे शब्द मला अक्षरओळखीबरोबर मिळालेले. परत येताना स्कूटरवर मागे बसून मी त्यांना वाट्टेल ते बोलले. म्हणाले, तुमचं खरेपण तुम्हाला फुकट पडतं, किंमत ती बाई मोजणार. म्हणाले, असल्या व्यवस्थेशी खरं बोलणं म्हणजे मालकाची चाकरी. म्हणाले, एक खोटी ओळ लिहा, नाहीतर मी लिहिते. तात्यांनी भिगवण फाटा येईपर्यंत स्कूटर चालवली, मग कडेला घेतली आणि बंद केली.

"तू म्हनतीस तसं एकदा लिवलं," ते म्हणाले, "तर पुढच्या येळंला आण्णाच्या मिठाला मी काय म्हनू? खारटच हाय की ते." मग म्हणाले, "पर ती म्हनती ते बी खोटं न्हाय. मालकाला बोलवून घिऊ. पंचनामा रानात करू. कायद्यात हाय तसा."

कायद्यात तसंच आहे. मालकानं मोक्यावर, म्हणजे रानातच, हजर राहून सही करायची असते. पण करत कुणी नाही. पुण्याच्या मालकांच्या सह्या इंदापूरला हायवेच्या हॉटेलात, चहाच्या टेबलावर होतात. फोटोत शेताचा तुकडा आणि कुणाचाही सदरा चालतो. तात्यांनी विश्वासरावांना फोन करून कळवलं: तुम्ही रानात उभे राहिल्याशिवाय पंचनामा होणार नाही.

विश्वासराव आले. गाडी बांधापर्यंत येईना, म्हणून पाटावर लावली आणि चालत आले. हातात मिठाईचा बॉक्स, सगळ्यांना नमस्कार. माझ्या मोबाइलमधल्या ॲपवर मालकाचा जमिनीत उभा असलेला फोटो काढायचा असतो. उभं राहिलेली जागा गटाच्या नकाशात बसली तरच तो घेतला जातो. मी म्हणाले, "सर, तुमच्या जमिनीत उभे राहा."

विश्वासरावांनी इकडेतिकडे बघितलं. एका बाजूला कापणीला आलेली ज्वारी होती. दुसऱ्या बाजूला बांधापलीकडे शेजाऱ्याचं रान होतं: पांढरं, भेगाळलेलं, कडेला वेड्या बाभळी. विश्वासराव बांध ओलांडून त्या पांढऱ्या रानात जाऊन उभे राहिले आणि शर्ट सारखा केला.

ॲपनं लाल अक्षरं दाखवली. जागा गटाच्या हद्दीबाहेर.

मला कळेना, हसावं की काय करावं. त्यांची काही चूक नव्हती. त्यांनी आपली जमीन शेवटची बघितली तेव्हा ती तशीच दिसत होती. बरी झालेली जमीन त्यांनी कधी बघितलीच नव्हती. तात्यांचा चेहरा दगडासारखा. ते बोलणार नव्हते, लिहिणार होते.

बोलल्या त्या सुलाक्का. ज्या बाईनं आदल्या खेपेला खोटं बोला म्हणून विनवलं होतं, तिला हे बघवेना. "मालक, ती पांढरी आमची न्हाय," त्या ओरडल्या. "आमची ही. ही जुंधळ्याची. इकडं या."

विश्वासराव इकडे आले. फोटो निघाला. ज्वारी त्यांच्या डोक्याच्या वर होती.

मग तात्यांनी बांधावर बसून, मांडीवर फळी घेऊन पंचनामा लिहिला आणि मोठ्यानं वाचून दाखवला. जमीन सुधारली आहे. क्षार आढळत नाहीत. चर सुस्थितीत आहे. आणि पुढे एक जादा वाक्य: सुधारणेचं सर्व काम धारकाने केलेलं नसून वाटेकरीण सुलोचना (इथं सुलाक्कांचं पूर्ण नाव, आडनावासकट) यांनी स्वतःच्या हातांनी चार वर्षं केलं आहे, आणि धारकास मोक्यावर ही जमीन ओळखता आली नाही.

विश्वासरावांनी कागद हातात घेऊन पुन्हा वाचला. आवाज चढवला नाही. "तात्यासाहेब, जमीन ओळखली नाही हे लिहा हवं तर. माझी चूक आहे. पण वाटेकरीण म्हणून त्यांचं नाव शासकीय कागदावर आलं, तर उद्या कूळ लागेल, जमिनीवर हक्क येईल."

"लागंल का न्हाय ते वकिलाला ठावं. मी दिसलं ते लिवलंय."

"याची गरज काय पण?"

"गरज न्हाय. खरं हाय."

विश्वासराव सुलाक्कांकडे वळले. "अक्का, तुमचे कष्ट मी नाकारत नाही. हे वाक्य काढू द्या. पैसे आले की अर्धे तुम्हाला देतो, आज चेक लिहून देतो."

मला वाटलं होतं, तात्या आता काहीतरी सुनावतील. त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि सुलाक्कांना विचारलं, "काय करू? तुमी सांगा. तुमचं नाव हाय."

"नाव ऱ्हायलं तर रान ऱ्हाईल का?"

"न्हाय सांगता येत."

"आन पैसं?"

"ते अडकतील. मालकाचं बी, तुमचं बी."

सुलाक्का ज्वारीकडे बघत राहिल्या. त्या वेळेला मी मनातल्या मनात म्हणत होते, चेक घ्या, अक्का, चेक घ्या. माझी सगळी पत्रकं त्या क्षणी कुठे गेली होती देव जाणे.

"ऱ्हाऊ द्या नाव," सुलाक्का म्हणाल्या. "पैसं खपत्यात."

विश्वासरावांनी सही केली नाही. तात्यांनी तोही शेरा मारला. 'धारकाने सही करण्यास नकार दिला.'

फाइल वर गेली आणि पंधरवड्यात परत आली. 'अनावश्यक मजकूर वगळून फेरसादर करावी.' तात्यांनी सगळा पंचनामा पुन्हा स्वच्छ अक्षरात लिहिला, त्या वाक्यासकट, आणि वर पाठवला. पुन्हा आली. पुन्हा लिहिला. कारकून म्हणाले, "तात्या, त्या ओळीपायी दोन्ही पार्ट्या उपाशी मारल्यात तुम्ही." हे खरं होतं, आणि तात्यांना ते लागलं. त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही. पण वाक्य खोडलं नाही.

निवृत्तीच्या दिवशी नारळ, शाल, भाषणं झाली. सगळे गेल्यावर त्यांनी ती फाइल माझ्या टेबलावर ठेवली. "ह्यातली ती ओळ काढायची असंल तर काढ," म्हणाले, "मी रागावनार न्हाय. पर आदी रानात जा, सुलाक्काला सांग, आन मग काढ. हितं टेबलावर बसून काढू नगंस."

मी ती ओळ काढलेली नाही. यात माझी काही बहादुरी नाही. सुलाक्कांना जाऊन ते सांगण्याची हिंमत मला होणार नाही, एवढंच.

रान गेलं. ज्वारी निघाल्यावर पुतण्यानं ट्रॅक्टर घातला. उसाच्या दोन सऱ्या वाढतात म्हणून चर जेसीबीनं बुजवला. पाटाचं पाणी मोकाट सोडलं. पहिला ऊस दणदणीत आला; चार वर्षांची मळी आणि धैंचा त्याखाली होता, येणारच. दुसऱ्या उसाला खालच्या कोपऱ्यात पानं पिवळी पडली.

सुलाक्का आता लोणी देवकरला एका कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटायला जातात. मध्ये मी त्यांना भेटायला गेले होते. हात पिठाचे, डोक्याला जाळीची टोपी. मी रानाचा विषय काढायच्या आधी त्यांनीच विचारलं, "चर बुजीवला का त्येंनी?"

"बुजवला, अक्का."

"मग खालच्या अंगाच्या कोपऱ्यातनं पांढरं फुटाय लागंल बगा. तितं दगडाची शीर हाय, पानी तटतंय."

मी त्यांना सांगितलं नव्हतं, पण फुटायला लागलंय. अगदी त्याच कोपऱ्यातून. आणि या वर्षी माझ्या टेबलावर एक नवा अर्ज आलाय. तोच गट नंबर, तेच धारक. क्षारपड जमीन सुधारणेसाठी अनुदान मिळावे.

सुलाक्कांना मी हे सांगितलं तेव्हा त्या इतक्या मोठ्यानं हसल्या की शेजारची बाई लाटणं थांबवून बघायला लागली. "मला बोलवा म्हनावं. येते की. पर आता तोंडी न्हाय, ताई. आदी लिवून घेनार, मग खोऱ्या उचलनार."

अर्जाला ग्रामसभेची शिफारस लागते. त्या गावच्या ग्रामसभेत मी हजर होते. यादी वाचली गेली, त्यात विश्वासरावांचं नाव आणि गट नंबर वाचला गेला. मंडपात बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं, ती जमीन एकदा कुणी बरी केली होती. चर कुणी खणला, मळी कुणी वाहिली, ज्वारी बघायला कोण कोण गेलं होतं. कुणीही काही बोललं नाही. हात वर झाले, यादी मंजूर झाली, चहा आला. मी सरकारी नोकर, मला तिथं मत नाही. मी पंचनाम्यात लिहू शकते, आणि जुन्या पंचनाम्याची प्रत जोडून मी लिहिलंही आहे. ते पुन्हा परत येईल. कचेरीत एका माणसानं लिहिलेलं वाक्य जादा ठरतं. गावानं लिहिलेलं तसं सहजी खोडता येत नाही.

म्हणून तुमच्याकडे मागणं आहे. तुमच्या गावची पुढची ग्रामसभा चुकवू नका. जमिनीच्या कुठल्याही कामाच्या अनुदानाची यादी वाचली जाईल, चराची, बांधाची, शेततळ्याची, झाडांची, तेव्हा उभे राहा आणि प्रत्येक नावापाशी विचारा, हे काम प्रत्यक्ष कुणाच्या हातचं आहे? मिळालेलं उत्तर प्रोसिडिंगच्या वहीत घ्यायला लावा. यादीत तुमचंच नाव असेल, तर कुणी विचारायची वाट बघू नका. तुमच्या रानात राबणाऱ्या बाईचं पूर्ण नाव सभेत मोठ्यानं सांगा. ग्रामसेवक ते नाव लिहीपर्यंत उभे राहा. लिहिलेलं स्वतः वाचा. मग खाली बसा.